सवलतीतली विद्यार्थिनी

काळजी करण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिना उतरून पुन्हा वर जाते. बसची पाटी स्वतः वाचलेली असली तरी आत बसल्यावर शेजारणीला विचारते, "ही धुळ्याचीच ना?" त्यामुळे आईच्या लॅपटॉपसाठी विद्यार्थी सवलत घ्यायची ठरली, तेव्हा यात काहीतरी गडबड होणार असं मला पहिल्यापासून वाटत होतं. पण ती गडबड इतकी आतपर्यंत पोचेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आई पहूरजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. गावातली निम्मी तरुण पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. सेविकेकडे पदवी असेल तर तिला मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो, हे तिला कुठल्याशा प्रशिक्षणात कळलं आणि तिनं मुक्त विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलं. पण त्या जागेला वयाची अट आहे, आणि आई त्या अटीच्या अगदी काठावर आली होती. या वर्षीच्या परीक्षेत पास झाली तर अर्ज करता येणार होता. एक पेपर जरी राहिला तरी पुढच्या वर्षी तिचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे जे काही होतं ते या एका परीक्षेवर होतं.

हे सगळं तिनं गावापासून लपवून ठेवलं होतं. अभ्यासकेंद्र जवळच्या जामनेरला किंवा जळगावला न घेता मुद्दाम धुळ्याला घेतलं, कारण मी नोकरीसाठी धुळ्याला राहते. लेकीकडे चालले म्हणून सांगायचं, जळगावला गाडी बदलायची, एरंडोल, पारोळा करत यायचं आणि रविवारच्या तासाला बसायचं. "नापास व्हयनू तर अंगणवाडीना पोरं बी हासतीन," असं ती म्हणायची. आईचं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे मी इकडे आल्यापासून माझ्याशी बोलताना तिची बोली आपोआप माहेरची व्हायची. गावात इतर कुणाशी ती अशी बोलत नाही.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प टाइप करून द्यायचा होता, तक्त्यांसकट. माझा लॅपटॉप ऑफिसचा, तो रोज तिच्या हाती देता येईना. म्हणून जळगावच्या बाजारातून तिच्यासाठी एक साधा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा नुसता घ्या, स्वस्त पडेल. ऑपरेटिंग सिस्टिम, ऑफिस, मराठी टायपिंग, सगळं मी टाकून देतो." असं 'टाकून दिलेलं' सॉफ्टवेअर काय करतं ते मी पाहिलं होतं. आमच्या ऑफिसात एके दिवशी ऐन महिनाअखेरीला पडदा काळा झाला, कोपऱ्यात ताकीद आली आणि सगळी बिलं नुसती बघता येऊ लागली, बदलता येईनात. मालक माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच वायर कापली. आईचा प्रकल्प असा अडकला तर? मी दुकानदाराला नको म्हटलं.

मग अस्सल सॉफ्टवेअरची किंमत बघितली, ती आम्हाला जड जाणारी होती. पुढे कंपनीच्या साइटवर खाली खाली जाताना मला विद्यार्थ्यांसाठीची सवलत दिसली. तीच सिस्टिम, तेच ऑफिस, फक्त आपण विद्यार्थी आहोत हे सिद्ध करायचं.

"माले बी भेटी का?" आईनं विचारलं.

"तू विद्यार्थी आहेस ना?"

"शे ना!" असं म्हणून तिनं पिशवीतून विद्यापीठाचं ओळखपत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. एस. टी.त तिला बाई म्हणून अर्धं तिकीट मिळतं, त्याचं तिला काही विशेष वाटत नाही. ही सवलत मात्र तिला फार आवडली. बाई असण्यासाठी तिला काही करावं लागलं नव्हतं; विद्यार्थी असण्यासाठी मात्र ती पहाटे उठून चुलीपुढे पुस्तक धरत होती.

आम्ही रविवारी दुपारी माझ्या खोलीवर बसून सगळी माहिती भरली. मी विद्यापीठाचं ओळखपत्र आणि आधार कार्ड असे दोन्ही फोटो काढून अपलोड केले. आई चष्मा लावून शेजारी बसली होती आणि प्रत्येक बटण दाबण्याआधी "देखी ले" म्हणत होती. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना उत्तर आलं. दिलेल्या कागदपत्रांवरून आपण विद्यार्थी असल्याची पडताळणी होऊ शकली नाही, असं त्यात होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फोटो हलल्याचा. दुपारच्या सुट्टीत मी ते दोन्ही फोटो फोनवर मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही अगदी स्वच्छ आले होते. दोन्हींवर एकच चेहरा होता, आईचा, तोच ठळक भुवयांचा. आणि दोन्हींवर वेगवेगळं नाव होतं. नुसतं आडनाव वेगळं असतं तर एक वेळ चाललं असतं. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. तीनही शब्दांत एकही अक्षर जुळत नव्हतं.

आईचं नाव लग्नात बदललं होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडे नवरी घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर तिचं नवं नाव लिहितो. आईचं बदलायचं कारणही आम्हाला माहीत होतं. वडिलांच्या चुलतीचं नाव तेच होतं. घरातल्या मोठ्या बाईच्या नावानं सुनेला हाक कशी मारायची, तिला रागावायचं कसं? म्हणून नाव बदललं. दहावी-बारावीचे दाखले जुन्या नावाचे राहिले आणि रेशन कार्ड, आधार, बँक, अंगणवाडीची नोकरी हे सगळं नव्या नावावर झालं. विद्यापीठाचा प्रवेश बारावीच्या दाखल्यावरून झाला, तो जुन्या नावावर. इतकी वर्षं ही दोन नावं एका घरात सुखानं नांदत होती, कारण त्यांना एकमेकांसमोर कुणी उभंच केलं नव्हतं. ते काम आता एका सॉफ्टवेअर कंपनीनं केलं.

मी संध्याकाळी आईला फोन केला. ती मुळीच घाबरली नाही.

"सरपंचनी दाखला दियेल शे ना!" ती म्हणाली. "तो धाड त्यासले."

हा दाखला म्हणजे आमच्या घरातलं ब्रह्मास्त्र. 'वरील दोन्ही नावे एकाच महिलेची असून सदर महिलेस मी व्यक्तिशः ओळखतो,' खाली सरपंचाची सही आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का. नोकरीला लागताना तो चालला, गॅसच्या जोडणीला चालला, बँकेत चालला. आमच्या भागात सरपंच ओळखतो म्हटल्यावर पुढचा माणूस आणखी काही विचारत नाही. आईचं म्हणणं, कंपनी कुठलीही असो, शिक्का दिसला की झालं.

मला कळत होतं की हे चालायचं नाही. पण माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? आईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला. मी तो अपलोड केला आणि नवस बोलल्यासारखी फोनकडे बघत बसले. उत्तर आलं की हा कागद ओळखपत्र म्हणून ग्राह्य धरता येत नाही. खाली आणखी एक ओळ होती. आता एकच संधी उरली आहे, त्यानंतर या व्यक्तीला सवलतीसाठी पुन्हा अर्ज करता येणार नाही.

या व्यक्तीला! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सवलत गेली तर गेली, थोडी कळ सोसून पूर्ण किंमत भरू, असं मनाला समजावत होते. आणि मग खोलीत उभ्या उभ्याच मला दुसरी गोष्ट सुचली. लांबच्या कंपनीला ही दोन नावं एका बाईची वाटत नाहीत, तर आपल्या सरकारी कार्यालयाला ती का वाटावीत? पदवी मिळणार एका नावाला आणि अर्ज करणार दुसऱ्या नावाची सेविका. मी घाईघाईनं परीक्षेच्या सूचना उघडल्या. आधीच्या वर्षांना विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं की काम भागत होतं. या वर्षीच्या सूचनेत आधार कार्ड सोबत आणणं सक्तीचं होतं, आणि हॉल तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

मला राग आला, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. चुलतआजी वारली, तांदळात नाव लिहायला सांगणारी माझी आजी वारली. ज्यांच्यावर रागवावं त्या दोघीही नव्हत्या.

आईला सांगितलं तेव्हा फोनवर मागे भाऊंच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे. मग आईनं विचारलं, "मंग परीक्षाले बसू देतीन ना?"

"देतील गं," मी म्हटलं. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता, तिचा कुठून बसणार?

कंपनीच्या साइटवर मदतीसाठी बोलायची सोय होती. मी तिथं लिहायला बसले. आधी सगळं सविस्तर लिहिलं, तांदूळ, अंगठी, चुलतसासू. मग वाचून बघितलं आणि पुसून टाकलं. पलीकडच्या माणसाला चुलतसासूचं काय करायचं? शेवटी एवढंच लिहिलं की आमच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतात, माझ्या आईचंही बदललं आहे, ती खरोखर शिकते आहे. पलीकडून अतिशय सभ्य उत्तर आलं. आपली अडचण समजली, नाव बदलल्याचा कायदेशीर कागद पाठवावा. आता तांदळाचा कागद कुठून आणणार? ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले असतील.

मी अभ्यासकेंद्रावर जाऊन विचारलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, अशा पुष्कळ बायका येतात. पदवीवर नाव बदलून हवं असेल तर राजपत्रात नाव छापून आणा, त्याला वेळ लागेल. परीक्षेपुरतं दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा, बहुतेक बसू देतील. त्यांच्या त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडाली.

मी रजा काढून गावी गेले. भाऊ गिरणीच्या ओट्यावर बसले होते, अंगावर पिठाचा पांढरा थर. सगळं ऐकून ते म्हणाले, "कायले एवढ्या भानगडी? सरपंचानं लिहून देलं ना. तुह्या मायले इथं कोन नाही ओळखत?"

"इथं सगळेच ओळखतात भाऊ," मी म्हटलं, "परीक्षा इथं नाहीये."

ते उठले, पिठाचे हात झटकले आणि शर्ट बदलायला आत गेले. आम्ही तिघं जामनेरला गेलो. तहसील कचेरीबाहेर एका वकिलांच्या खोलीत प्रतिज्ञापत्राचा कागद तयार करून घेतला. वकील घाईत होते. त्यांनी आईचं आधार बघितलं, दाखला बघितला, आणि भाऊंना विचारलं, "तुम्ही पती ना? यांचं लग्नाआधीचं नाव सांगा."

भाऊ गप्प राहिले. आमच्या घरात ते आईला कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत, नुसतं "ऐकलं का" म्हणतात. मला वाटलं, विसरले. नवऱ्यालाच बायकोचं नाव माहीत नाही म्हटल्यावर हे वकील सही कशी करणार? आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मग भाऊंनी नाव घेतलं, अगदी हळू आवाजात, आधी पहिलं नाव, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. वकिलांनी "जरा मोठ्यानं" म्हटल्यावर पुन्हा घेतलं. आईनं पदर सारखा केला.

परतीच्या गाडीत भाऊ माझ्या शेजारी बसले होते, आई पुढच्या बाकावर. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मले ते नाव आवडे. पन मायनं सांगतलं, घरात नाही चालनार. मंग काय करता?" आईला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, तिनं मागे वळून बघितलं नाही.

राजपत्रासाठी अर्जही त्याच दिवशी केला. जुनं नाव सोडून सासरचं नाव घेत आहे, असा. उलटं करणं शक्य नव्हतं. नोकरी, बँक, पगार सगळं सासरच्या नावावर होतं, ते बदलायला गेलो असतो तर वयाची अट केव्हाच निघून गेली असती. मी आईला तरीही विचारलं की तुला पदवीवर कुठलं नाव हवं होतं. ती म्हणाली, "हवं ते काय करनं शे? चालस ते लिखी टाक." पण अर्जावर सही करण्याआधी तिनं जुन्या नावाची ओळ बोटानं एकदा वाचली. राजपत्रात छापून आलं की हे नाव कागदोपत्री संपणार होतं. ही परीक्षा त्या नावाची शेवटची होती.

प्रतिज्ञापत्र मी कंपनीला पाठवलं. ती शेवटची संधी. बटण दाबताना मी डोळे मिटले, हे सांगायला आता हसू येतं. तेव्हा मात्र मला वाटत होतं की यांनी हो म्हटलं तर परीक्षेतही हो म्हणतील, आणि नाही म्हटलं तर सगळीकडे नाही. दोन्हींचा काही संबंध नव्हता हे मला कळत होतं, पण माझी काळजी माझं ऐकत नाही. उत्तर यायला वेळ लागला. मी ऑफिसात बिलांवर चुकीचे आकडे घालत होते आणि मालक पुन्हा तसेच बघत होते.

मंजुरी आली. सवलत मिळाली. त्या रविवारी आम्ही सिस्टिम टाकली, ऑफिस टाकलं. सगळं उतरून झाल्यावर पडदा निळा झाला आणि मधोमध स्वागताची ओळ आली, तिच्या खाली आईचं नाव. विद्यापीठाच्या नोंदीतलं, म्हणजे जुनं. मी म्हटलं, "बदलून देते, दोन मिनिटांचं काम आहे."

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिनं चष्मा पुढे ओढून ते नाव वाचलं. तोंडानं नाही, नुसतं डोळ्यांनी. तिथून पुढे ती लॅपटॉप उघडला की लगेच टाइप करायला लागायची नाही. ते नाव येऊन जाईपर्यंत थांबायची, आणि मगच प्रकल्प उघडायची. तक्ते मात्र तिनं इतके सरळ आखले की माझे ऑफिसातले मला गबाळे वाटायला लागले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती धुळ्याला आली. मी तिला किती सूचना दिल्या त्याला हिशेब नाही. पेन दोन ठेव. पाणी पिऊन जा, पण फार पिऊ नकोस. प्रतिज्ञापत्र वरच ठेव, मागितल्याशिवाय देऊ नकोस, दिलंस तर परत घे. प्रश्न आधी सगळे वाच. ती प्रत्येक वेळी "हाँ" म्हणत होती आणि भाकरी थापत होती. इतकं सगळं सांगणाऱ्या मला नेमकी एक गोष्ट सुचली नाही.

परीक्षा एका कॉलेजात होती. दाराला लोखंडी जाळी, जाळीच्या आत लांब पडवी. ज्यांची नावं जुळत होती ते सरळ वर्गात जात होते. ज्यांच्या नावात फरक होता त्यांना पडवीतल्या बाकांवर बसवून ठेवलं होतं. कागद बघून एकेकाला आत सोडणार होते. बाकांवर सगळ्या बायकाच होत्या. कुणी माझ्या वयाची, कुणी आईच्या. सगळ्यांच्या मांडीवर तसल्याच फायली, तसलीच प्रतिज्ञापत्रं. आई मधल्या बाकावर होती. आम्हा बरोबर आलेल्यांना जाळीच्या बाहेर उभं केलं होतं. मी जाळीला नाक लावून उभी होते.

आतून एक सर यादी घेऊन आले. ते पूर्ण नावानं पुकारत होते. एकेक बाई उठत होती, कागद दाखवत होती, आत जात होती. घंटेची वेळ होत आली होती आणि सरांचा आवाज चढत होता. मग त्यांनी आईचं नाव पुकारलं.

आई उठली नाही.

ती समोर बघत होती, फाइल धरून, आपली पाळी कधी येते याची वाट बघत. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं. ती शेजारच्या बाईकडे बघायला लागली, की ही का उठत नाही. मग माझ्या लक्षात आलं. ते नाव तिला लिहिता येत होतं, पडद्यावर वाचता येत होतं. पण त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी गेली कित्येक वर्षं नव्हतं. माहेरी मारायची ती तिची आई, तीही गेली. तिच्या कानाला ते नाव आता कुणा तिसऱ्याच बाईचं झालं होतं.

"नाही आल्या का? गैरहजर," सर म्हणाले आणि त्यांनी पेन टेकवलं.

"आई!" मी ओरडले.

बाकावरच्या निम्म्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या आईनंही बघितलं, हसली, आणि घाबरू नको अशी हातानं खूण केली. सर पुढचं नाव वाचायला लागले. मला काहीच सुचेना. मी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि तिचं जुनं नाव घेऊन ओरडले. नुसतं पहिलं नाव, एकेरी, जितका आवाज निघेल तितका काढून. आयुष्यात मी तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"उनू व माय!"

आईनं मोठ्यानं उत्तर दिलं आणि ताडकन उभी राहिली. आले गं आई, असं ती म्हणाली होती. पडवीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. तिचं तिलाही ऐकू आलं असणार, कारण उभी राहिल्यावर ती क्षणभर तशीच थांबली आणि जाळीकडे बघत राहिली. तिथं मी होते. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर मागे गेली, रस्त्यावर, आणि मग पुन्हा माझ्यावर आली. तिचे डोळे भरले होते आणि माझेही.

"लवकर या, ताई," सर म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं, फाइल उचलली आणि त्यांच्याकडे गेली. सरांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, तिच्याकडे बघितलं, हॉल तिकिटावरच्या फोटोकडे बघितलं. मग तिच्या त्या नावापुढं बरोबरची खूण केली आणि तिला आत सोडलं.